‘डिप्लोमसी’: दोन चिठ्ठ्यांवर एकच मजकूर लिहिण्याचा खेळ

‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळाबद्दल जो तो बोलतो ते दगाबाजीबद्दल. जिवाभावाची माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, शब्द देऊन फिरवला जातो, वगैरे. ते खोटं नाही, पण तेवढ्याने खेळाची खरी ओळख होत नाही. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकी माणसाने हा खेळ रचला आणि १९५९ साली पदरमोड करून त्याच्या पाचशे प्रती काढल्या. त्यानंतर प्रकाशक बदलत गेले, मोहरे कधी लाकडी, कधी प्लास्टिकचे, कधी धातूचे आले. नियमांचा गाभा तसाच राहिला. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा युरोप, सात सत्ता, सात खेळाडू. युती नेमकी कुठे मोडते हे दाखवण्यात या पटाचा हात धरणारा दुसरा खेळ नाही. युद्ध कसं पेटतं हे दाखवण्यात मात्र तो बराच तोकडा पडतो.

खोक्यात फार काही नसतं: नकाशा, सात रंगांचे मोहरे, नियमपुस्तिका. फासे नाहीत, पत्ते नाहीत. मोहऱ्यांचे प्रकार दोनच, फौज आणि आरमार. नकाशावर ७५ प्रांत आहेत: १९ समुद्री आणि ५६ जमिनीचे, त्यातले ४२ किनारी आणि १४ आतले. स्वित्झर्लंडमध्ये कुणालाच पाऊल ठेवता येत नाही. ३४ प्रांतांवर रसद केंद्राची खूण असते. ऑस्ट्रिया, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि तुर्कस्तान यांची सुरुवातीची केंद्रं प्रत्येकी ३, रशियाची ४, म्हणजे २२. उरलेली १२ कुणाचीच नाहीत: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल, ट्युनिस, सर्बिया, रूमानिया, बल्गेरिया, ग्रीस. जितकी केंद्रं तितके मोहरे. १८ केंद्रं हाती आली की जिंकलात.

प्रत्येक मोहऱ्याचं बळ एक, मग तो रशियाचा असो की इटलीचा. एका प्रांतात एकच मोहरा राहू शकतो. दोन मोहरे एकाच प्रांतात शिरायला गेले तर टक्कर होते आणि दोघेही जागच्या जागी राहतात. एकटा मोहरा दुसऱ्या एकट्याला कधीच हलवू शकत नाही; पुढे सरकायचं तर कुणाचा तरी ‘सपोर्ट’ हवा, म्हणजे दुसऱ्या मोहऱ्याने आपलं बळ जोडीला द्यायला हवं. तीन मोहऱ्यांच्या सत्तेला स्वतःच्या बळावर फार लांब जाता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या दारात जावंच लागतं. सगळ्या वाटाघाटींचं मूळ या एका हिशेबात आहे.

खेळ १९०१च्या वसंतात सुरू होतो. वर्षाचे दोन हंगाम, वसंत आणि शरद. प्रत्येक हंगामाआधी वाटाघाटी होतात. नियमपुस्तिका पहिल्या फेरीला ३० मिनिटं देते, पुढच्या प्रत्येक फेरीला १५. जोडीजोडीने कोपऱ्यात जाऊन काहीही बोला, काहीही कबूल करा. त्यातलं काहीच बंधनकारक नाही, लिहून दिलेलंही नाही. मग प्रत्येकजण आपल्या सगळ्या मोहऱ्यांचे हुकूम गुपचूप चिठ्ठीवर लिहितो आणि सातही चिठ्ठ्या एकदम उघडल्या जातात. हुकूम चार प्रकारचे: थांब, जा, सपोर्ट दे, किंवा समुद्रातल्या आरमाराने फौजेला पलीकडे नेऊन सोड, म्हणजे कॉन्व्हॉय. केंद्राची मालकी फक्त शरद हंगामाच्या शेवटी बदलते आणि त्यानंतर मोहरे वाढतात किंवा उचलले जातात.

आता या खेळाचं काळीज, सपोर्टचा हुकूम. ‘मी तुझ्या बाजूने आहे’ एवढं लिहून इथे भागत नाही. कुणाचा मोहरा कुठून कुठे जातो आहे ते अचूक लिहावं लागतं. १९०१च्या शरदातला बेल्जियम घ्या. फ्रान्सची फौज पिकार्डीत आहे, इंग्लंडचं आरमार नॉर्थ सीमध्ये, जर्मनीची फौज रुऱ्हमध्ये. तिघांनाही बेल्जियम शेजारी आहे. फ्रान्स आणि इंग्लंड दोघंही आत शिरायला बघताहेत आणि दोघंही जर्मनीला गाठून बोलले आहेत. जर्मनीने लिहिलं, ‘फौज रुऱ्ह, सपोर्ट फौज पिकार्डी ते बेल्जियम’, तर फ्रान्सचं बळ दोन होतं आणि तो आत जातो. त्याने इंग्लंडच्या आरमाराचं नाव लिहिलं तर इंग्लंड आत. त्याने ‘फौज रुऱ्ह ते बेल्जियम’ लिहिलं तर तिघांची टक्कर आणि बेल्जियम रिकामाच.

आता चौथी शक्यता बघा, सगळ्यात जास्त घडणारी. जर्मनी प्रामाणिक आहे. इंग्लंडला सपोर्ट द्यायचा असं ठरलं आणि त्याने तसं लिहिलंही: ‘सपोर्ट आरमार नॉर्थ सी ते बेल्जियम’. पण इंग्लंडच्या मनात आयत्या वेळी आलं की आरमार समुद्रातच राहू दे, यॉर्कशायरमधली फौज कॉन्व्हॉयने बेल्जियममध्ये उतरवू. डावपेच म्हणून हे शहाणपणाचंच आहे, कारण समुद्र मोकळा सोडावा लागत नाही. पण जर्मनीला सांगायचं राहून गेलं. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा जर्मनीचा सपोर्ट वाया गेला, कारण तो यॉर्कशायरच्या फौजेसाठी लिहिलेला नव्हता. इंग्लंड एक, फ्रान्स एक, टक्कर. इंग्लंड जर्मनीकडे संशयाने बघतो, जर्मनी म्हणतो मी तर शब्द पाळला, आणि पुढच्या हंगामात युती संपलेली असते. कुणीच दगा दिलेला नसतो. नवख्यांच्या टेबलावर दग्यापेक्षा अशा विसंगत चिठ्ठ्यांनी जास्त युती मोडतात. दोस्ती म्हणजे दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर, हे हा खेळ अंगवळणी पाडतो.

सपोर्ट तोडण्याचा नियम इथेच समजून घ्यावा, कारण भांडणं त्यावरूनच होतात. सपोर्ट देणाऱ्या मोहऱ्यावर तिसऱ्या प्रांतातून हल्ला झाला की तो हल्ला फसला तरी सपोर्ट तुटतो. वरच्या उदाहरणात फ्रान्सची एक फौज बर्गंडीत असती आणि तिने रुऱ्हवर चाल केली असती, तर जर्मनीचा सपोर्ट तिथेच संपला असता. अपवाद एक: ज्या प्रांतावरच्या हल्ल्याला सपोर्ट दिला आहे, त्या प्रांतातूनच उलटा हल्ला आला तर सपोर्ट तुटत नाही. फ्रान्सची फौज आधीच बेल्जियममध्ये बसली आहे, इंग्लंड रुऱ्हच्या सपोर्टने तिला उठवायला येतोय, आणि ती फौज एकटीच रुऱ्हवर चालून गेली, तर सपोर्ट शाबूत राहतो आणि फौज उठते. अपवादाला पुन्हा अपवाद: तिने बर्गंडीच्या मदतीने रुऱ्हमधल्या जर्मन फौजेला प्रत्यक्ष उठवलंच, तर मात्र सपोर्ट जातो. हे तीन प्रसंग सुरुवातीलाच रिकाम्या नकाशावर मोहरे ठेवून सगळ्यांना दाखवले तर पुढची निम्मी हुज्जत वाचते.

या नियमाची खरी किंमत १९१४चा ऑगस्ट शेजारी ठेवला की कळते. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी १८७९पासून दोस्त होते, पण दोघांची मिळून एकच युद्धयोजना कधी झाली नाही. १९०९मध्ये दोन्ही सेनाप्रमुखांत, म्हणजे जर्मनीचा मोल्टके आणि ऑस्ट्रियाचा कॉनराड यांच्यात, पत्रव्यवहार झाला. कॉनराडने समजून घेतलं ते असं: ऑस्ट्रिया गॅलिशियातून उत्तरेकडे रशियावर चढाई करेल आणि जर्मनी पूर्व प्रशियातून रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या सिडल्सेच्या दिशेने येऊन चिमटा पुरा करेल. प्रत्यक्षात जर्मनीचं जवळजवळ सगळं बळ फ्रान्सकडे गेलं आणि पूर्व प्रशियात एकच सेना बचावाला उरली. कॉनराड पुढे सरकला, पण पलीकडून कुणीच आलं नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला गॅलिशियातलं लेम्बर्ग रशियाच्या ताब्यात गेलं.

कॉनराडने आपल्या बाजूनेही चिठ्ठी नीट लिहिली नव्हती. त्याच्या राखीव भागाला, दुसऱ्या सेनेला, एकतर सर्बियाकडे जायचं होतं किंवा गॅलिशियाकडे. आधी त्याने ती सर्बियाकडे रवाना केली. रशिया युद्धात उतरतोय हे दिसल्यावर ती गॅलिशियाला वळवायची ठरली, पण रेल्वे खात्याने सांगितलं की गाड्या अर्ध्या वाटेवरून फिरवल्या तर सगळाच गोंधळ होईल. मग ही सेना आधी सर्बियाच्या सरहद्दीवर जाऊन उतरली आणि नंतर पुन्हा गाड्यांत बसून गॅलिशियाला गेली, उशिरा. धड सर्बियात उपयोग नाही, धड रशियाविरुद्ध.

पलीकडच्या बाजूचं लिखाण पक्कं होतं. फ्रान्स आणि रशियाच्या १८९२च्या लष्करी करारात आकडेसुद्धा होते: जर्मनीविरुद्ध फ्रान्स १३ लाख माणसं उभी करेल, रशिया ७ ते ८ लाख. पुढे दोन्ही सेनाप्रमुखांच्या बैठकांत रशियाने जमवाजमवीच्या पंधराव्या दिवसापर्यंत चढाई सुरू करण्याचं मान्य केलं. रशियाने शब्द पाळला आणि पूर्ण तयारी होण्याआधीच पूर्व प्रशियात घुसला. ऑगस्टच्या अखेरीस टॅननबर्गला त्याची एक सेना बुडाली. पण त्याच दडपणाने मोल्टकेने पश्चिमेकडून दोन कोअर, म्हणजे सैन्याच्या दोन मोठ्या तुकड्या, काढून पूर्वेला पाठवल्या. त्या टॅननबर्गला वेळेत पोचल्या नाहीत आणि फ्रान्समध्ये मार्नच्या लढाईत त्यांची उणीव भासली. पटाच्या भाषेत रशियाने आपला मोहरा उठवून घेतला आणि जर्मनीचा सपोर्ट तोडला. सपोर्ट तोडायला हल्ला यशस्वी व्हावा लागत नाही, हा नियम पुस्तिकेत कोरडा वाटतो. टॅननबर्गनंतर वाटत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात काय बोलायचं हेही नकाशावरच लिहिलेलं आहे. प्रत्येक सत्तेच्या सरहद्दीवर एक दुखरी जागा आहे. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये ती इंग्लिश चॅनल. लंडनचं आणि ब्रेस्टचं आरमार दोघंही तिथे जाऊ शकतात आणि जो जाईल तो दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो. म्हणून बहुतेक वेळा ‘चॅनल मोकळा’ असा करार होतो. जर्मनी-फ्रान्समध्ये तसंच बर्गंडीचं, ऑस्ट्रिया-रशियामध्ये गॅलिशियाचं, रशिया-तुर्कस्तानमध्ये ब्लॅक सीचं. संशय असेल तर दोघांनीही ठरवून तिथे हुकूम द्यावा आणि टक्कर घडवून आणावी. जागा रिकामी राहते आणि कुणाला कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही. नवख्यांना ही ठरवून केलेली टक्कर वेडेपणा वाटते. पण ती फसली तर पहिल्याच चालीत दुसऱ्याच्या मनातलं कळतं, आणि तेही स्वस्तात.

चॅनलचा मामला इतिहासातही असाच होता. १९१२च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे आणि फ्रान्सचे राजदूत काँबाँ यांनी एकमेकांना पत्रं दिली. दोन्ही देशांचे लष्करी अधिकारी एकत्र योजना करतील, पण त्यामुळे कुणीही मदतीला बांधला जात नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दरम्यान फ्रान्सचं मुख्य आरमार भूमध्य समुद्रात गेलं होतं, म्हणजे उत्तर किनारा ब्रिटनच्या भरवशावर. कागदावर बंधन नाही, पण मोहरे मात्र बंधन असल्यासारखे मांडलेले. शेवटी २ ऑगस्ट १९१४ला ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्या किनाऱ्याच्या रक्षणाची हमी दिली. तोवर ग्रे यांचं बोलणं ‘नरो वा कुंजरो वा’ होतं, आणि इंग्लंडचा मोहरा हाती आलेले शंभरातले नव्वद खेळाडू पहिल्या फेरीत तेच करतात. त्याचे तोटेही तेच होतात: दोन्ही शेजारी आपापल्या सोयीचा अर्थ काढतात.

स्वीडनची गंमत थोडी सूक्ष्म आहे. वसंतात जर्मनीचं आरमार कीलहून डेन्मार्कला जातं, रशियाचं सेंट पीटर्सबर्गहून बॉथनियाच्या आखातात. शरदात रशियाला स्वीडन घ्यायचं असतं. जर्मनीने ‘डेन्मार्क ते स्वीडन’ लिहिलं की टक्कर, आणि रशियाचं एक केंद्र हुकलं. जर्मनीचं काहीच जात नाही, कारण टक्कर झाल्यावर आरमार डेन्मार्कमध्येच राहतं आणि ते केंद्र त्याचंच होतं. फुकटात मिळालेला हा दबाव आहे. रशियाने पहिल्याच फेरीत जर्मनीकडे जाऊन वॉर्सॉची फौज सायलेशिया किंवा प्रशियाकडे वळणार नाही असा शब्द द्यावा आणि बदल्यात स्वीडन मागावं. हे न करता शरदात कपाळावर हात मारणारे रशिया दर खेळात भेटतात.

ऑस्ट्रिया आणि इटलीचा प्रश्न सगळ्यात अवघड. ट्रिएस्ट आणि व्हेनिस ही दोन वेगळ्या सत्तांची घरची केंद्रं एकमेकांना अगदी चिकटून आहेत. सबंध नकाशावर अशी दुसरी जोडी नाही. ऑस्ट्रियाची नेहमीची सुरुवात म्हणजे बुडापेस्टची फौज सर्बियात, ट्रिएस्टचं आरमार अल्बेनियात, आणि शरदात सर्बियाच्या सपोर्टने ग्रीस. दोन केंद्रं मिळतात, पण ट्रिएस्ट उघडं पडतं आणि व्हेनिसची फौज सरळ आत येऊ शकते. मग दोन वर्षांत ऑस्ट्रिया संपतो. त्यावर उतारा म्हणून काहीजण ट्रिएस्टचं आरमार व्हेनिसवरच पाठवून टक्कर घडवतात. त्यात बाल्कनचा वेग कमी होतो. इटलीनेही विचार करावा: ऑस्ट्रिया बुडाला की त्याच्या जागी तुर्कस्तान किंवा रशिया येतो आणि तो जास्त जड जातो. म्हणून ‘लेपांटो’ नावाची सुरुवात प्रसिद्ध झाली. आयोनियन समुद्रात आरमार, अपुलियात फौज, शरदात ती फौज कॉन्व्हॉयने ट्युनिसला. पुढच्या वर्षी आरमार पूर्व भूमध्यात आणि फौज थेट सीरियात. ऑस्ट्रियाशी सलोखा असेल तरच हे जमतं.

इटली कुणाच्याही बाजूला जाऊ शकतो हे पटाने अगदी बरोबर पकडलं आहे. १८८२च्या त्रिपक्षीय करारात इटली जर्मनी-ऑस्ट्रियाबरोबर होता, पण करार बचावापुरता होता, आणि बाल्कनमध्ये ऑस्ट्रियाने काही मिळवलं तर इटलीला मोबदला द्यायचा असं पुढे १८८७मध्ये ठरलंही होतं. १९१४मध्ये ऑस्ट्रियाने न विचारता सर्बियावर हल्ला केला आणि इटलीने तटस्थता जाहीर केली. २६ एप्रिल १९१५ला लंडनमध्ये गुप्त करार झाला, त्यात ट्रेंटिनो, ट्रिएस्ट, इस्ट्रिया आणि डाल्मेशियाचा काही भाग देऊ केला गेला, आणि २३ मेला इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. कुंपणावर बसलेल्याचा भाव कसा चढतो हे इटलीचा मोहरा घेऊन खेळल्याशिवाय नीट कळत नाही.

आता उणिवा. सगळ्यात मोठी उणीव ती बारा रिकामी केंद्रं. पटावर बेल्जियमला सैन्य नाही, सर्बियाला सैन्य नाही. बुडापेस्टची फौज पहिल्याच हंगामात सर्बियात फिरायला जावं तशी जाते. खऱ्या १९१४मध्ये सर्बियाने ऑगस्टमध्येच सेरच्या लढाईत ऑस्ट्रियाला मागे रेटलं, आणि तो देश पुरता हातातून गेला तो १९१५च्या शरदात, बल्गेरिया पलीकडून उतरल्यावर. लिएजच्या किल्ल्यांनी जर्मनांना ऑगस्टच्या मध्यापर्यंत झुंजवलं. ज्या सर्बियावरून हे युद्ध पेटलं आणि ज्या बेल्जियमच्या तटस्थतेसाठी १८३९च्या कराराचा हवाला देत ब्रिटन उतरला, ते इथे नुसते मोकळे चौकोन आहेत. खेळ सुटसुटीत राहावा म्हणून हे केलं हे उघड आहे, पण लहानांची इच्छा गाळून युतीचं राजकारण शिकवणं म्हणजे थोडी बोलाचीच कढी.

दुसरी उणीव वेळापत्रकाची. पटावर मोहरा आज पश्चिमेला तोंड करून असेल तर पुढच्या हंगामात पूर्वेला वळवता येतो, त्याला काही पडत नाही. १ ऑगस्ट १९१४च्या संध्याकाळी लंडनच्या जर्मन राजदूताची तार आली की ब्रिटन कदाचित बाजूला राहील. कैसर विल्हेल्म मोल्टकेला म्हणाला, मग सगळी सेना पूर्वेला नेऊ. मोल्टकेने सांगितलं की हे जमणारच नाही. पूर्वेच्या जमवाजमवीची वेगळी योजना १९१३मध्येच बंद करून टाकलेली होती. रशियाची सार्वत्रिक जमवाजमव ३० जुलैला ठरली. दुसऱ्या दिवशी जर्मनीने बारा तासांची मुदत दिली आणि त्याच्या पुढच्या दिवशी युद्ध. जो आधी गाड्या हलवेल तो पुढे, ही घाई पटावर कुठेच नाही. सातही चिठ्ठ्या एकदम उघडतात, त्यामुळे उशीर झाला असं इथे होतच नाही. जुलै १९१४ समजून घ्यायला म्हणून खेळ घेणाऱ्याची इथे निराशा होईल.

तिसरी गोष्ट उणीव कमी, गंमत जास्त. खेळाची तारीख १९०१, नकाशा मात्र १९१४चा. पटावर सर्बिया आणि ग्रीस एकमेकांना भिडतात. १९०१मध्ये मध्ये तुर्कांचा मॅसिडोनिया होता आणि ती सरहद्द १९१३नंतरची. बल्गेरियाला दक्षिणेला एजियनचा किनारा आहे, तोही बाल्कन युद्धांनंतरचा. नॉर्वे स्वीडनपासून १९०५मध्ये वेगळा झाला. इतिहास शिकवायला हा पट वर्गात वापरणाऱ्यांनी हे आधीच सांगून टाकावं.

चुका होतात त्या ठरावीक जागी. आरमार रोमहून व्हेनिसला जात नाही. प्रांत लागून असले तरी किनारा सलग नाही. अंकाराहून स्मिर्नालाही तेच. स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्गला दोन-दोन किनारे आहेत. आरमाराला दोन्हीकडे जाता येत असेल तर कुठला ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर हुकूम बाद आणि मोहरा जागेवर. नवा मोहरा फक्त आपल्या मूळच्या, अजून आपल्याच ताब्यात असलेल्या आणि रिकाम्या केंद्रात उभा राहतो. शरदात घरचं केंद्र अडवून ठेवलं तर मिळवलेला मोहरा मांडायला जागाच उरत नाही. आणि वसंतात घेतलेलं केंद्र शरदात सोडलं तर ते आपलं होत नाही: तुर्कस्तान वसंतात बल्गेरियात गेला आणि शरदात तिथून रूमानियात, तर हाती एकच केंद्र येतं. उठवलेल्या मोहऱ्याला माघार घेताना हल्लेखोर जिथून आला तो प्रांत आणि त्याच हंगामात टक्कर झालेला प्रांत बंद असतो. दुसरी जागा नसेल तर तो पटावरून जातो.

वेळेचा हिशेब आधी करा. १५ मिनिटं बोलणी आणि दहाएक मिनिटं चिठ्ठ्या सोडवायला धरली तर एका वर्षाला पाऊण ते एक तास जातो. आठ वर्षांचा खेळ म्हणजे सहा ते आठ तास, आणि दोनचार वर्षांत बाद झालेला माणूस उरलेला वेळ नुसता बसून राहतो. हे या रचनेचं न सुटलेलं दुखणं आहे. कुणीतरी १७ केंद्रांची भिंत धरली की समोरच्याला १८वं मिळत नाही. अशा अढळ रेषा जाणकारांना पाठ असतात, त्यामुळे पुष्कळ खेळ बरोबरीत सुटतात. किती वाजता थांबायचं ते आधीच ठरवलं तर बरं, फक्त शेवटचं वर्ष कुठलं हे सगळ्यांना माहीत असलं की त्या वर्षी एकूणएक शब्द फिरतात.

खेळाडू सातच हवेत. पुस्तिकेत सहांसाठी इटली बाजूला ठेवायची सोय आहे, पाचांसाठी इटली आणि जर्मनी. सहांत अजून चव राहते. पाचांत मधलं मैदान रिकामं पडतं आणि फ्रान्सला लॉटरी लागते. चारांहून कमी असाल तर दुसरा खेळ बघा. टपालाने हा खेळ १९६३पासून खेळला जातो आणि आता संगणकावर खेळायच्या जागा आहेत. तिथे चिठ्ठ्या यंत्र सोडवतं, त्यामुळे सपोर्ट तुटला की नाही यावर वाद होत नाही, आणि एका हंगामाला एक दिवस दिला की तासांचं गणितही सुटतं. पण समोरच्याचा चेहरा बघायला मिळत नाही. २०२२मध्ये ‘सिसेरो’ नावाच्या संगणक-प्रणालीने अशाच एका ठिकाणी लेखी बोलणी करत ४० खेळ खेळले आणि एकाहून जास्त खेळ खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत जागा मिळवली. तिच्या खेळाचा भर दगा देण्यापेक्षा दुसऱ्याच्या चालीशी आपली चाल जुळवण्यावर होता.

टेबलावर खेळत असाल तर चिठ्ठ्यांचा नमुना आधी छापून ठेवा: सत्तेचं नाव, हंगाम, मोहरा, कुठून, कुठे, आणि सपोर्ट असेल तर कुणाला, कुठून, कुठे. हा शेवटचा रकाना वेगळा आखलेला असला की अर्धवट सपोर्ट लिहिला जात नाही. सत्ता चिठ्ठी काढून वाटायची पद्धत आहे, पण निम्मे नवखे असतील तर तिला थोडा फाटा द्यावा. तुर्कस्तान आणि इंग्लंड कोपऱ्यात असल्याने नवख्याला तग धरता येतो, फ्रान्सही चालेल. रशियाला चार मोहरे आणि चार शेजारी, त्यामुळे बडबड्या माणसाला द्या. ऑस्ट्रिया मुरलेल्या खेळाडूच्या हाती असू दे, आणि इटलीच्या खुर्चीवर बसणाऱ्याला चिठ्ठी लिहिण्याआधी एवढंच दाखवा की ऑस्ट्रिया गेल्यावर त्याच्या पूर्वेला कोण उभं राहतं.